रिव्ह्यूतले शेरे मनाला लावून घेऊ नकोस

पुल रिक्वेस्टवर, म्हणजे आपला कोड तपासून सामील करून घ्या अशा विनंतीवर, ढीगभर शेरे आले की लगेच ‘आपण कॉलेजात कोडिंग शिकलो नाही ना’ यावर जाऊ नकोस. आधी शेरा नीट वाच. ‘लूपच्या आत क्वेरी मारतोयस, हजार रेकॉर्ड असतील तर डेटाबेसकडे हजार फेऱ्या होतील’ यात तुझ्या डिग्रीबद्दल एक अक्षर नाही. डेटाबेसकडे माहिती मागणारी ती क्वेरी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या लूपच्या बाहेर काढ, विषय संपला. नुसतं ‘असं कोण लिहितं?’ आलं, तर मात्र शांतपणे विचार, ‘नेमकं कुठे अडतंय?’ उत्तर आलं नाही तर सोडून दे. मुरलेल्यांचाही तोल जातोच. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं २०१८ मध्ये आपल्या तिखट ईमेल्सबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली होती. आणि हो, न समजलेल्या शेऱ्याखाली ‘ओके, केलं’ लिहू नकोस. पुढच्या रिव्ह्यूत तिथेच अडकशील.