वेब रुळण्यापूर्वी एफटीपी संग्रहांतून सॉफ्टवेअर कसे मिळवत असत?
एफटीपी म्हणजे इंटरनेटवरून फायलींची देवाणघेवाण करण्याची पद्धत. हवा तो प्रोग्रॅम कोणत्या सर्व्हरवर आहे हे तेव्हा कसे कळे, असा आपला प्रश्न आहे. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी ‘आर्ची’ हे शोधसाधन तयार केले. ते सार्वजनिक एफटीपी सर्व्हरांवरील फायलींच्या याद्या वेळोवेळी गोळा करून ठेवी. शोध मात्र फाइलच्या नावावरच चाले, आतल्या मजकुरावर नव्हे, म्हणून नावाचा नेमका अंदाज बांधता येणे फार महत्त्वाचे होते.

पत्ता मिळाल्यावर ‘अ‍ॅनॉनिमस’ या नावाने प्रवेश करायचा, पासवर्ड म्हणून आपला ईमेल पत्ता द्यायचा (हा यजमान संस्थेप्रति शिष्टाचार होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो), मग बहुधा ‘पब’ नावाच्या डिरेक्टरीत जाऊन आधी अनुक्रमणिका वाचायची. सर्वांत जपायचे ते पुढे: ‘गेट’ ही फाइल उतरवण्याची आज्ञा देण्यापूर्वी ‘बायनरी’ ही, फाइल जशीच्या तशी उतरवायला सांगणारी, आज्ञा देणे. ती राहिली, तर मजकूर पद्धतीने उतरलेल्या झिप फाइलमधील ओळ संपल्याची चिन्हे बदलली जाऊन ती निकामी होऊ शके, आणि हे बहुधा उघडतानाच कळे.

डॉस या तेव्हाच्या संगणक कार्यप्रणालीच्या प्रोग्रॅमांसाठी ‘सिमटेल’ हा संग्रह सर्वश्रुत होता; त्याच्या प्रती इतर सर्व्हरांवरही असत, त्यामुळे जवळची प्रत निवडणे श्रेयस्कर ठरे.