अबोलीला फोन ‘सॅमन’ का म्हणतो?

प्रश्न : राजवाड्याजवळ आमचं छोटं मॅचिंग सेंटर आहे, अस्तर, फॉल, रुबियाचे पीस वगैरे. मुलगा आता दुकानात बसायला लागलाय पण त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, मेंदी मागितली की मरून काढतो. फोनमध्ये रंगाचं नाव सांगणारं अ‍ॅप घेतलं तर एकाच पीसला सकाळी एक नाव सांगतं न् रात्री दुसरं, आणि अबोलीला म्हणे ‘सॅमन’! काय करावं? – एक आई, इंदूर

उत्तर : ताई, आधी मुलाबद्दल. हा दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो, एक्स गुणसूत्रावरून येतो म्हणून मुलांमध्ये जास्त दिसतो, आणि आईकडून आला म्हणून घरात कोणी तुम्हाला बोललं असेल तर ते मनातून काढून टाका, यात कोणाची चूक नसते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इशिहाराची ठिपक्यांची पानं असतात, १९१७ पासून वापरात आहेत, ती एकदा दाखवून घ्या म्हणजे नक्की काय ते कळेल.

आता फोन. त्याला रंगाचं नाव माहीत नसतं हो, त्याला फक्त तीन आकडे कळतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५. असे १ कोटी ६७ लाखांवर रंग होतात आणि नावांची यादी असते कोणीतरी बनवलेली, वेबवाल्यांची ठरलेली यादी तर दीडशेच्याही आत! मग जे नाव जवळ बसेल ते अ‍ॅप चिकटवतं. सॅमन हा तिकडचा मासा, त्याच्या मांसाचा तो रंग. यादी करणाऱ्याने अबोलीचा गजरा बघितलेलाच नाही तर तो अबोली कुठून म्हणणार?

म्हणून मुलाला नाव नाही, आकडे वाचायला शिकवा, बहुतेक अ‍ॅप ते दाखवतात. त्याच यादीत मरून म्हणजे १२८, ०, ० आणि ऑलिव्ह, आपल्या मेंदीच्या जवळचा, म्हणजे १२८, १२८, ०. पहिला आकडा दोघांचा सारखा, सगळा फरक मधल्या आकड्यात. खऱ्या कापडावर इतके गोल आकडे येणार नाहीत पण मधला आकडा पहिल्यापेक्षा खूप कमी असला की मरूनकडचा, बरोबरीला आला की मेंदीकडचा, एवढं त्याला आठ दिवसांत जमेल बघा.

सकाळ-रात्रीचा घोळ उजेडाचा. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दिवसाचा उजेड ६५०० च्या आसपास, आणि फोन आपल्या मनानेच पांढरं काय ते ठरवून बाकीचे रंग सरकवतो, त्यात सगळ्या फ्रेममध्ये लालच कापड असेल तर तो हमखास गडबडतो. कापडाशेजारी पांढरा कागद ठेवा, फ्लॅश आणि फिल्टर बंद, आणि ग्राहकाची साडी न् आपला पीस एकाच फोटोत घेऊन दोघांचे आकडे बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण उजेड चुकला तरी दोघांना सारखाच चुकतो.

महेश्वरीला मात्र जरा जपून. ताणा म्हणजे उभे धागे रेशमाचे, बाणा म्हणजे आडवे सुताचे, त्यात दोन्ही धागे वेगळ्या रंगाचे असले तर साडी धूपछाँव होते, थोडी तिरपी केली की आकडे बदलतात. तिथे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा आणि काठाचा रंग वेगळा मोजा.

आणि एक वही करा. प्रत्येक पीसचा तुकडा चिकटवा, बाजूला तुमचं नाव, अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी जे तुम्ही बोलता तेच, खाली आकडे आणि रिळाचा शेड नंबर. तेच लेबल रॅकवर. नावं तुम्ही सांगा, लिहू दे त्याला. ग्राहकाने अबोली मागितली की तो लेबल वाचून काढेल, अ‍ॅपची इंग्रजी यादी मध्ये येणारच नाही.

शेवटी पीस कापायच्या आधी साडी आणि पीस दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन ग्राहकालाच दाखवायचं, ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, आणि तिथे चांगले डोळेवालेही फसतात.