टूरचा शेवटचा दिवस तंजावरला मोकळा आहे, कुंभकोणम करावं की तंजावरातच थांबावं?

तुम्ही लिहिलंय की मदुराई-रामेश्वरम करून तुमची ग्रुप टूर तंजावरला संपतेय, रात्री त्रिचीहून फ्लाईट आहे, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत आणि ग्रुपमधले बाकीचे म्हणतायत की अख्खा दिवस मोकळा आहे तर कुंभकोणम पण उरकून घेऊ. माझं सरळ उत्तर, नका जाऊ. कुंभकोणम जायला साधारण ४० किमी आणि यायला तेवढंच, नाश्ता करून सगळे बसमध्ये बसेपर्यंत साडेनऊ होतात आणि तिकडची देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती थेट चारलाच उघडतात, म्हणजे आईवडिलांना उन्हात बसवून ठेवणं एवढंच होणार. कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळ फार सुंदर आहे पण त्याला वेगळा दिवस द्या, पुढच्या वेळी.

आम्ही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अशीच टूर केली, बत्तीस जणांचा ग्रुप. शेवटच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत "संपूर्ण दिवस तंजावर दर्शन" लिहिलं होतं आणि आदल्या रात्री जेवताना कळलं की देवळाला पाऊण तास आणि पेंटिंगच्या एका दुकानाला अडीच तास. मला खरंच राग आला, कारण आई वर्षभर तंजावर तंजावर करत होती. मग टूर मॅनेजरला त्याच रात्री सांगितलं की आम्ही पाच जण सकाळी आमचे आमचे रिक्षाने जाणार, संध्याकाळी पाचला देवळातच ग्रुपला भेटणार, आणि हे ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर पण टाकून ठेवलं म्हणजे नंतर शोधाशोध नको. तुम्ही पण आदल्या रात्रीच सांगा, सकाळी सांगितलं की त्यांची पण धावपळ होते.

सकाळी सहा सव्वासहाला बृहदीश्वराच्या देवळात पोचा. तिथे लोक पेरिय कोविल म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ, रिक्षावाल्याला तेच सांगा. चपला बाहेर काढायच्या असतात आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण दहानंतर तो दगड इतका तापतो की म्हाताऱ्या माणसांना दोन पावलं टाकता येत नाहीत, सकाळी तोच दगड गार असतो. पहिला राजराज चोळ, त्याने बांधलं, १०१० मध्ये पूर्ण झालं, सगळं ग्रॅनाइट, गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, दोनशे फुटांच्या वर आहे. गाईड सांगतात की त्याची सावली जमिनीवर पडत नाही, ते खरं नाही, आम्ही त्या सावलीतच अर्धा तास बसलो होतो. त्यापेक्षा गाईडला भिंतीवरचे तमिळ लेख दाखवायला सांगा. राजराजाने देवळाच्या सेवेत चारशे नर्तकी आणल्या त्यांची नावं कोरली आहेत, कोण कुठून आली आणि कुठल्या रस्त्यावर कितवं घर तिला दिलं इथपर्यंत. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा पत्ता दगडावर आहे हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बघत राहिले.

आता मुख्य गोष्ट. आवाराच्या भोवती जी ओवरी आहे तिच्या नैऋत्य कोपऱ्याकडे जा, गणपतीचं छोटं देऊळ आहे त्या बाजूला. तिथे भिंतीवर मराठी आहे. देवनागरीत, ओळींमागून ओळी, भोसले घराण्याचा अख्खा इतिहास, तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला. बरेच ग्रुप ह्या कोपऱ्यात येतच नाहीत, नंदी आणि विमानासमोर फोटो काढून परत जातात, आणि मराठी माणसं सुद्धा जातात याचं मला फार वाईट वाटतं.

माझी आई शाळेत शिक्षिका होती. ती चष्मा पुसून भिंतीजवळ उभी राहिली आणि दगडाला हात न लावता बोट वीतभर लांब धरून एकेक अक्षर जुळवायला लागली. सुरुवातीला काहीच लागेना, वळण जुनं आहे, मग एक नाव लागलं, मग दुसरं, आणि मग ती मोठ्याने वाचायला लागली. तिथला वॉचमन आला, मला वाटलं हटकतोय, तर त्याने नुसतं "मराठी?" विचारलं आणि पुढच्या भिंतीकडे हात केला, तिकडे अजून आहे म्हणून.

वाचण्याआधी आईवडिलांना थोडी पार्श्वभूमी सांगा म्हणजे जास्त भिडतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि पुढे १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. पण १७९९ च्या तहात सरफोजींनी राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीला देऊन टाकला होता, त्यांच्या हातात किल्ला आणि आसपासचाच भाग उरला. म्हणजे राज्य गेल्यावर चार वर्षांनी त्या माणसाने आपल्या घराण्याची हकीकत मराठीत, तमिळ मुलखातल्या एवढ्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतली. राज्य कोणीही काढून घेईल, हे कोण काढून घेणार, असं त्यांच्या मनात असणार असं मला तरी वाटतं.

देवळातून साडेआठला निघा, इडली-पोंगल खा, आईवडिलांना तासभर हॉटेलवर आडवं होऊ द्या आणि मग राजवाडा. राजवाड्यात तिकिटं वेगवेगळी आहेत, घंटाघराचे जिने चढायच्या भानगडीत पडू नका. सरस्वती महाल, म्हणजे राजांचं जुनं ग्रंथालय, बघाच, वाचनालयात आपल्याला आत सोडत नाहीत पण म्युझियम आहे, सुट्टीचा वार हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेवा. सरफोजीराजे लोकांच्या डोळ्यांच्या रोगांवर उपचार करवायचे, पेशंटच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवलेल्या आहेत, माझ्या बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते तिथून हलेनातच.

शेजारच्या आर्ट गॅलरीत चोळांच्या काशाच्या मूर्ती आहेत. सगळ्या बघत बसू नका, थकायला होतं. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा, १०११ चा आहे, डोक्याला सापांचं मुंडासं आणि एक कोपर हवेत टेकवलेलं, कारण ज्या नंदीवर तो रेलला होता तो नंदी आता नाहीये. नंदी नाही तरी तो रेललेलाच दिसतो, इतका सैल उभा आहे. तिथेच दरबार हॉलमध्ये सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला, हात जोडून उभे आहेत.

दुपारी केळीच्या पानावरचं जेवण. सांबार हे नाव संभाजीवरून आलं आणि ते तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मलं ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच, ऐकीव आहे, पुरावा मागू नका, पण जेवताना ऐकायला छान वाटते. खरेदी करायचीच तर मान डोलावणारी तंजावर बाहुली घ्या, आणि ती हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत तिचे तुकडे होतात. सोन्याच्या वर्खाचं पेंटिंग घ्यायचं असेल तर सरकारी पूम्पुहारमध्ये आधी किंमत बघा, मग बाकीची दुकानं.

चारनंतर परत देवळात. हो, परत. संध्याकाळी दगडाचा रंग बदलतो, गावातली माणसं पोरंबाळं घेऊन आवारात नुसती बसायला येतात. त्रिची एअरपोर्टला सव्वा ते दीड तास लागतो, तेवढं धरून उलटा हिशोब करा आणि बॅगा सकाळीच बसमध्ये टाका.

आमचा ग्रुप पाचला आला, निरोपाचा ग्रुप फोटो झाला, फीडबॅक फॉर्म वाटले गेले. आईने फॉर्म पर्समध्ये टाकला आणि सात-आठ जणींना घेऊन त्या कोपऱ्यात गेली. अंधार पडायला लागला होता, एकीने मोबाईलचा टॉर्च धरला आणि आई वाचत होती. टूर मॅनेजरने दोनदा शिट्टी मारली, मग तो स्वतःच बोलवायला आला आणि त्याने पण टॉर्च लावला.