प्रश्न मैत्रिणीचा, फोन सगळ्यांचा

"फोनवरून विचारले तर घरात कळणार नाही ना?" आरोग्यसेवा जेमतेम पोहोचणाऱ्या शहरी वस्त्यांसाठी चालणाऱ्या एचआयव्हीविषयक संदेशसेवेत समुपदेशन करताना ही शंका मी इतक्या वेळा ऐकली आहे की, तिचे नीट उत्तर एकदा लिहून काढणे मला आवश्यक वाटते. त्यासाठी एका तरुणीशी झालेल्या संवादाचा आधार घेते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बरेच दिवस चाललेले बोलणे थोडक्यात आणले आहे.

तिचा पहिला प्रश्न डासांविषयी होता, दुसरा एकाच पेल्यातून पाणी पिण्याविषयी. या दोन्हींमुळे एचआयव्ही होत नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई आणि गर्भारपण, प्रसूती किंवा स्तनपान यांच्या काळात आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग आहेत, असे मी तिला कळवले. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न पुन्हा आले आणि त्यांच्या शेवटी एक वाक्य होते, "ताई, हे मैत्रिणीसाठी विचारते आहे."

ही मैत्रीण खरी आहे का, याची चाचपणी करण्याचा मोह नव्या समुपदेशकांना होतो. मी ती करत नाही. माणूस आपल्या प्रश्नापर्यंत आपल्याच गतीने पोहोचतो, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे, आणि ज्याने आडोसा घेतला आहे त्याला त्या घडीला त्याची गरजच असते. शिवाय मैत्रीण खरी असो वा नसो, द्यायचा सल्ला बदलत नाही.

संबंध येऊन किती दिवस झाले, एवढे मात्र मी लगेच विचारले, कारण 72 तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, 'पेप' ही 28 दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. येथे सुमारे महिना उलटला होता. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत (म्हणजे विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, दोन्ही शोधणाऱ्या चाचणीत) संसर्ग साधारण 18 ते 45 दिवसांत दिसतो, तर झटपट होणाऱ्या बहुतेक अँटिबॉडी चाचण्यांना 23 ते 90 दिवस लागू शकतात. म्हणून आता एक चाचणी करावी आणि ती निगेटिव्ह आली तरी हा काळ पूर्ण झाल्यावर पुन्हा करून खात्री करून घ्यावी, असे मी सुचवले. तिने सगळे वाचले, "समजले" असे लिहिले, आणि तपासणी मात्र झाली नाही. पुढे डासांचा प्रश्न तिसऱ्यांदा आला.

ज्याला उत्तर माहीत आहे तो तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा त्याला माहिती नको असते. मी उत्तर दिले नाही, उलट विचारले, "तपासणीला जायचे ठरवले, तर तुमच्या मैत्रिणीला त्यात सगळ्यांत अवघड काय वाटेल?"

बराच वेळ काही आले नाही. मग दोन छोटे संदेश आले.

"निकालाची भीती नाही."

"निकाल फोनवर येईल त्याची आहे. फोन घरात एकच आहे."

या दोन ओळींनी माझ्या कामाची दिशा ठरवली, असे मी म्हणेन. आपण जनजागृतीचे यश किती जणांपर्यंत संदेश पोहोचला यावर मोजतो. तिच्या दृष्टीने पोहोचलेला संदेश हाच धोका होता. आजारापेक्षा तो उघड होण्याचे भय मोठे असते, हे आम्ही प्रशिक्षणांत वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पण ते भय लॉक स्क्रीनवर उमटणाऱ्या एका ओळीत बसलेले असते, हे मला तिच्याकडून कळले.

त्यानंतरचे बोलणे विषाणूविषयी नव्हतेच. ती लिहील तेव्हाच आम्ही उत्तर द्यायचे, आपणहून फोन करायचा नाही, संदेशात आजाराचे नाव घ्यायचे नाही आणि निकाल तपासणी केंद्रात समोरासमोरच सांगितला जाईल हे केंद्राकडून आधी ठरवून घ्यायचे, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले. हे ठरले आणि त्याच आठवड्यात तपासणी झाली. ती कोणाची झाली, हे मी आजही विचारलेले नाही.

ज्यांचा फोन सामाईक आहे, त्यांनी संदेशाचा मजकूर बंद पडद्यावर दिसणार नाही अशी सोय आधी करून घ्यावी. आपोआप पुसले जाणारे संदेश उपयोगी असले, तरी पुसले जाण्यापूर्वी ते कोणीही पाहू शकते. ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये शोध घेतल्यास त्याची नोंद त्या फोनच्या इतिहासात राहत नाही. मात्र उतरवून घेतलेला अहवाल फाइलींत तसाच राहतो, आणि घात बहुधा तेथेच होतो. स्वतः करायच्या चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये केली. जेथे तिचा संच मिळतो, तेथे हा मार्गही आहे. पण त्यात पॉझिटिव्ह आल्यास केंद्रात खात्रीची चाचणी करावीच लागते.

सेवा चालवणाऱ्यांना माझे सांगणे थोडे कडक आहे. लोकांना संदेशांच्या गटात घालू नका. तेथे प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसू शकतो. एका खोलीच्या घरात ध्वनिफीत कोण लावणार, याचा विचार ती बनवण्यापूर्वी करा. आणि केवळ भीती पाठवू नका. नियमित औषधांनी ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका कमी राहतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. 2016 आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक जोडीदार बाधित असलेल्या जोडप्यांच्या 'पार्टनर' अभ्यासांत असा एकही संसर्ग आढळला नाही. ही गोष्ट मी त्या तरुणीला सांगितली तेव्हा तिने विचारले, "मग हे आधी का सांगत नाहीत?" आता आमचे उत्तर फोन सामाईक आहे का या प्रश्नाने सुरू होते आणि त्यानंतर लगेच ही माहिती येते, डासांचा क्रमांक बराच नंतर लागतो.