दुसरी शाखा की आधी जागेचा करार?

प्रश्न: आमचं छोटं रेस्टॉरंट 9 वर्षं चालू आहे. मी गल्ला आणि खरेदी बघतो, पत्नी स्वयंपाकघर सांभाळते. 100 च्या विक्रीमागे 8 उरतात. भाडेकरार संपायला 2 वर्षं आहेत. राहतं घर तारण ठेवून दुसरी शाखा काढावी का?

उत्तर: आत्ता नको. 9 वर्षं टिकलेला धंदा घरासकट पणाला लागेल, म्हणून इतकं स्पष्ट सांगते.

तुमच्या हिशेबात 100 पैकी 32 कच्च्या मालाला, 31 पगारांना, 12 भाड्याला आणि 17 वीज, गॅस, कमिशन, दुरुस्ती वगैरेला जातात. पगारांच्या यादीत तुम्हा दोघांची नावं मात्र कुठेच नाहीत! मुख्य आचारी आणि मॅनेजर बाहेरून आणले, तर विक्रीचे 6-7 टक्के सहज जातील. म्हणजे धंद्याचा नफा एक-दोन टक्केच. बाकीची तुमची मजुरी. दुसऱ्या शाखेत ही माणसं पगारावरच ठेवावी लागतील, वर कर्जाचा हप्ता. तो पहिल्याच गल्ल्यातून जाणार.

आणि तो गल्ला किती नाजूक आहे बघा. विक्री 10 टक्क्यांनी घटली, तर विक्रीबरोबर कमी होणारा खर्च (माल, कमिशन, पॅकिंग मिळून 40) फक्त 4 ने उतरतो. भाडं, पगार तेवढेच राहतात. 8 चे थेट 2 होतात.

खरी निकड आहे ती कराराची. एक्झॉस्टचे डक्ट, गॅसची पाइपलाइन, फरशी, निचरा यांत घातलेला पैसा जागा सोडताना बरोबर नेता येत नाही, हे मालकालाही ठाऊक असतं. मुदत संपत आली की बोलणी त्याच्या हातात जातात. म्हणून आत्ताच बसा: लांब मुदत, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहिलेली, आणि नूतनीकरणाचा हक्क तुमच्याकडे. यासाठी चांगला वकील लावा, तिथे काटकसर करू नका.

त्यानंतर निदान 3 महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवा. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर त्यात धरू नका, तो तुमचा नाही. दर आठवड्याला साठा मोजा: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा उरलेला साठा, म्हणजे खरोखर वापरलेला माल. 32 चे 30 झाले, तर नवी शाखा न काढता नफा पावपट वाढतो.

दोघांनी वर्षभर रीतसर पगार घेऊनही 5-6 टक्के उरले, आणि तुमच्या पत्नी आठवडाभर रजेवर असताना स्वयंपाकघर अडलं नाही, तर हिशेब पुन्हा पाठवा. कर्जाचा विचार तेव्हा करू, घर बाजूला ठेवून.