इंदूरमधल्या आमच्या कापड दुकानाची जुनी बिलं आणि चोपड्या स्कॅन केल्यावर कागद रद्दीत द्यावेत का?

लगेच देऊ नका. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, आणि अपील चालू असेल तर निकालानंतर निदान वर्षभर. हिशेब संगणकावर ठेवायला कायद्याची ना नाही. पण वाद कोर्टात गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार स्कॅनसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ कागद हाताशी असलेला बरा.

मी सीतलामाता बाजारातल्या दुकानांचे हिशेब लिहितो, त्या अनुभवावरून क्रम सांगतो. सगळ्यात आधी थर्मल कागदावरच्या (शाईऐवजी उष्णतेनं छापलेल्या) पावत्या घ्या: पेट्रोल, कार्ड मशीन, ट्रान्सपोर्ट. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांवरची अक्षरं लवकर उडतात. वर दुकानाचं नाव पुसट दिसतं आणि नेमकी रक्कम गायब असते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ग्रेमध्ये म्हणजे करड्या छटांत स्कॅन करा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात शिक्का आणि पेन्सिलीची खूण हरवते. फाइलला नाव देताना तारीख, पार्टी, बिल नंबर हाच क्रम ठेवा, उदा. २०२३-१०-२४_पार्टी_४१७. नाव न देता केलेला स्कॅन पुन्हा सापडत नाही, खरा वेळ इथेच द्या.

आजोबांच्या काळातली मोडी लिपीतली चोपडी असेल तर ती मुळीच टाकू नका. दुकानाचे करारनामे, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र यांच्या मूळ प्रतीही कायम ठेवा.