फाइल जशी आहे तशीच पाठवा

सर्व्हरवर फोटो अपलोड करताना तुम्ही तो बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून जेसनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायचा साचा) कोंबताय, तिथेच गाडी अडतेय. बेस६४ दर ३ बाइटांची ४ अक्षरं करतं. ९ एमबीची फाइल थेट १२ एमबी होते. त्यापेक्षा रिक्वेस्टच्या बॉडीत सरळ बाइट्स पाठवा, कन्टेन्ट-टाइप (बॉडीत काय आहे ते सांगणारा हेडर) 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम' ठेवा. सोबत नाव, तारीख हवी असेल तर मल्टिपार्ट (एकाच रिक्वेस्टमध्ये फाइल आणि बाकी माहिती वेगवेगळ्या भागांत) वापरा.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- अख्खी फाइल मेमरीत घेऊ नका. ६४ केबीचे तुकडे वाचा, लिहा, पुढे चला. नवखे हमखास इथेच चुकतात.
- जेपेग, झिप आधीच कॉम्प्रेस केलेल्या असतात, त्या पुन्हा जीझिपने कॉम्प्रेस करू नका.
- ४१३ (फाइल फार मोठी आहे, असा सर्व्हरचा एरर) आला तर कोड उकरत बसू नका. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची बॉडीची मर्यादा मुळात १ एमबी असते, ती वाढवा.

तुटलेलं अपलोड पुढे सुरू करणं वगैरे नंतर बघू. आज एकच फाइल पाठवा आणि दोन्हीकडचा शा-२५६ (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा) जुळतोय का ते तपासा. अडलात तर बिनधास्त विचारा.